जावयानं निवडलेली गाइडं

लग्न ठरायच्या आधी मी इचलकरंजीला मुलीच्या घरी गेलो, तेव्हा भावी सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. म्हणाले, "हातानं काय येतं?" मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, "टायपिंग."

ते सूतगिरणीत जॉबर होते. म्हणजे यंत्रं लावणारे, बिघडली की दुरुस्त करणारे, आणि ज्यांच्या हाताखाली बाकीचे शिकतात असे. माझं उत्तर ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागले. मुलीचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे लग्न झालं. पण पहिल्याच वर्षी, कॅनडात कोक्विटलामला एका बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत असताना, बायकोनं भांडणात मला ऐकवलं की त्या दिवशी मी गेल्यावर तिचे वडील आईला म्हणाले होते, "पोरगा गुणाचा आहे, पण याच्यानं भिंतीत खिळा ठोकवायचा नाही." ती बोलून मोकळी झाली. खिळा मात्र माझ्या डोक्यात बसला, तो अठरा वर्षं बसला.

मला तोंडावर ते या अठरा वर्षांत कधी वावगं बोलले नाहीत, आणि खरी अडचण तीच होती. जावई हा दहावा ग्रह असं म्हणतात. ग्रहाला कोणी सुधारायला जात नाही, त्याची शांत करतात. बेसमेंटनंतरच्या आमच्या घरात मी स्वतः एक फळी बसवली होती. सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले होते, आणि एका दुपारी सासरे तिच्याखाली पेपर वाचत बसले असताना ती लोणच्याच्या बरणीसकट खाली आली. त्यांच्या खांद्यावर कैरीच्या फोडी होत्या. ते फोडी वेचत म्हणाले, "इथली हवा फार कोरडी आहे."

त्यांचं खरं मत मला कळायचं ते फिरून. ते सासूबाईंना सांगत, सासूबाई फोनवर लेकीला सांगत, आणि लेक मला, स्वतःचे चार आणे घालून. सासूबाई गेल्या आणि ती लाइनच बंद झाली. या वर्षी ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले ते एकटे. सकाळी फिरून येत, दुपारी खिडकीत बसत, जेवताना सगळं छान झालंय म्हणत. कशाबद्दल काही विचारत नसत. मला ते बघवत नव्हतं, आणि काय करावं ते कळतही नव्हतं.

एका रविवारी माझा ऑफिसातला पंजाबी सहकारी जेवायला आला. त्याच्याकडे बोट आहे आणि उन्हाळाभर तो फ्रेझर नदीवर स्टर्जन मासे पकडत असतो. त्यानं सासऱ्यांना फोनवर फोटो दाखवला. स्टर्जन म्हणजे साधासुधा मासा नव्हे. माणसापेक्षा लांब, पाठीवर हाडांच्या ढाली, तोंडाखाली मिशा, आणि वय विचारलं तर आपल्या आजोबांच्या बरोबरीचं. सासऱ्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "एवढा?" महिन्याभरातला तो त्यांचा पहिला प्रश्न.

मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की तुम्हाला असा मासा धरायला नेणार, आणि त्यासाठी रॉड मी स्वतः बांधणार. सहकारी म्हणाला की त्याच्याकडे सहा रॉड पडलेत. मी म्हणालो, नको. त्याला बिचाऱ्याला खिळ्याचं काय माहीत. सासऱ्यांचं परतीचं तिकीट सप्टेंबरातलं होतं. तोवर माझ्या हातानं एक वस्तू घडवायची, आणि ती त्यांच्या हातात टिकली पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता.

सासरे मासे खात नाहीत. पण हा मासा इथे कोणीच खात नाही, कायद्यानंच सोडून द्यावा लागतो, हे कळल्यावर त्यांची हरकत राहिली नाही. लेकीला मात्र ते म्हणाले म्हणे, की हे म्हणजे चहापोहे खाऊन मुलीला नकार देण्यासारखं झालं.

रॉड बांधणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो. नुसती काठी तयार मिळते. तिला मूठ बसवायची, आणि मग तिच्या अंगावर ठरावीक अंतरानं कडी बसवायची. रिळातून सुटलेली दोरी या कड्यांमधून टोकापर्यंत जाते. त्यांना गाइड म्हणतात. प्रत्येक गाइडला धातूची चौकट, आत गुळगुळीत चिनीमातीची रिंग, आणि खाली एक किंवा दोन पाय असतात. पाय काठीवर दोऱ्यानं घट्ट गुंडाळायचे आणि वर राळ चढवायची. मोठा मासा ओढतो तेव्हा सगळा भार या गाइडांवर वाटला जातो. म्हणून सगळी अक्कल लागते ती गाइडं निवडायला.

ती मी एक्सेलमध्ये लावली. बर्नाबीच्या ऑफिसात वीस वर्षं मी प्रोग्राम हलके आणि वेगवान करण्याचं काम करतो. हलकं ते चांगलं हा माझा धर्म. इंटरनेटवरही रॉड बांधणारे सगळे एका सुरात सांगत होते की टोकाकडे वजन कमी ठेवा, एका पायाची छोटी गाइडं घ्या, काठी कशी जिवंत वाटते बघा. मी वजनांचा कॉलम केला, चढत्या क्रमानं लावला आणि वरची सात गाइडं उचलली. दहा-अकरा लावतात असं वाचलं होतं, पण सात म्हणजे आणखी हलकं. हे सांगणारे लोक वीतभर मासे धरत होते, हे मी बघितलंच नाही. दुकानात गेलो असतो तर कोणीतरी विचारलं असतं की बाबा रे, मासा कुठला. पण दुकानात कोणी मदतीला आलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी ऑनलाइन ऑर्डर केलं होतं. गाइडं आली ती लहान मुलीच्या कानातल्या बाळ्यांएवढी होती. मला फार आवडली.

मी बेसमेंटमध्ये टेबल मांडलं आणि कामाला लागलो. सासरे शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी एक गाइड हातात घेतलं, उजेडात फिरवलं, पायाला नख लावून बघितलं आणि परत ठेवलं. मग त्यांनी गिरणीतली एक गोष्ट सांगितली. त्यांच्या खात्यात सूत असंच चिनीमातीच्या डोळ्यांमधून जायचं. एकदा एका नव्या माणसानं सामान वाचवायला ते डोळे एका स्क्रूवर बसवले. भार आला की डोळे मान टाकायचे, आणि त्या पाळीत सूत तुटून तुटून सगळे बेजार झाले. मी दोरा गुंडाळत म्हणालो, "वा, काय दिवस होते ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

लेकी बोले सुने लागे, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण त्यासाठी सून जरा शहाणी लागते.

दोन दिवसांनी बघतो तर तिसऱ्या गाइडच्या रिंगमध्ये कापसाचा एक पुंजका अडकलेला. बायको देवाच्या वाती करते तसला पांढरा कापूस. मला वाटलं ड्रायरमधून काहीतरी उडून आलं. मी स्पिरिटच्या बोळ्यानं रिंग लखलखीत पुसली, आणि रात्री जेवताना सगळ्यांना उद्देशून व्याख्यान दिलं की राळ लावायच्या कामात धूळ कशी चालत नाही. सासरे म्हणाले, "हो, धूळ फार."

मग एक दिवस वरणभात कालवता कालवता ते एकदम म्हणाले, "देवानं माणसाला दोन पाय उगाच दिलेले नाहीत. एकावर भार घेऊन किती वेळ उभं राहणार?" मला फार वाईट वाटलं. इतके दिवस गुडघे दुखत असतील आणि बोलले नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासाठी फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट घेतली. जावयानं घेतली म्हणून ते मुकाट्यानं गेले. चार वेळा गेले.

राळ वाळेपर्यंत काठी सारखी फिरती ठेवावी लागते, नाहीतर ओघळ येतात. त्यासाठी मी बार्बेक्यूची सळई फिरवणारी मोटर काढून लावली. रॉड तयार झाला तेव्हा मी फोटो काढून नागपूरला भावाला पाठवला. बायकोनं वडिलांना विचारलं, कसा झालाय. ते म्हणाले, "रंग छान आहे."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही नदीवर गेलो. सहकाऱ्यानं रॉड हातात घेतला, गाइडं बघितली आणि म्हणाला, "भाई, ये थोड़ा नाज़ुक नहीं है?" मी म्हणालो, "टेक्नॉलॉजी है." त्यानं इंजिन सुरू केलं.

दोन तास काही झालं नाही. सासरे खुर्चीवर ताठ बसले होते, हातात माझा रॉड. मग टोक दोनदा हललं आणि एकदम खाली गेलं. सहकारी ओरडला, ओढा. त्यांनी ओढला. रॉड कमानीसारखा वाकला, आणि मी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. माझी गाइडं एकेक करून झोपायला लागली. आधी टोकाकडचं, मग त्याच्या खालचं. दोरी काठीला घासायला लागली. तिसऱ्या गाइडमधली रिंग टिकलीसारखी उडाली आणि पाण्यात पडली. दोरी उघड्या धातूवर आली आणि ताडकन तुटली. त्याच वेळी तो मासा समोर पाण्याबाहेर आला, अख्खा, बोटीच्या निम्म्यानं लांब. आम्हाला दर्शन देऊन तो गेला.

सासरे रॉड धरून तसेच बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "नदीला पाणी फार आहे."

तिथे माझा ताबा सुटला. मी म्हणालो, पाण्याचं सोडा, हवेचंही सोडा, अठरा वर्षांत एकदा तरी मला खरं सांगा. हे असं होणार हे तुम्हाला दिसत होतं का?

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की," ते म्हणाले. "गिरणीतली गोष्ट काय गंमत म्हणून सांगितली? तिसरी रिंग तडकलेली होती. तडकलेल्या जागी कापूस अडकतो, म्हणून तुम्हाला दिसावा असा ठेवला. तुम्ही पुसून टाकलात. पायांचं बोललो, तर मला व्यायामाला धाडलंत."

"सरळ सांगायचं होतं."

"जावयाला?" त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. "बरं, सरळ ऐका. जावईबापू, तुम्ही गाढवपणा केलात. दहा वर्षांच्या पोरालासुद्धा कळेल की एवढ्या जनावराला एका पायाची बाळी चालत नाही. आणि ती फळीसुद्धा तुम्ही चुकीचीच ठोकली होती."

माझ्या सहकाऱ्याला मराठी येत नाही, पण गाढव कळायला काही लागत नाही. तो इंजिनापाशी जाऊन उगाच काहीतरी तपासू लागला. मला राग यायला हवा होता. तो आलाही, निम्म्या वाटेपर्यंत पुरला. पण सांगायचं तर परतताना मला बरं वाटत होतं. माझ्याशी ते पहिल्यांदा असं बोलले होते, जसं गिरणीत हाताखालच्या माणसाशी बोलत असतील.

तिकिटाला तीन आठवडे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः म्हणाले, दुकानात चला. दुकानदार त्यांच्याच वयाचा होता. त्यानं विचारलं मासा कुठला, तर सासऱ्यांनी दोन्ही हात पूर्ण पसरले आणि मग मान हलवली, म्हणजे याहून मोठा. दुकानदारानं खालच्या खणातून दोन पायांची जाड गाइडं काढली. सासऱ्यांनी खिशातून वातीचा कापूस काढून एका रिंगमधून ओढला. ते बघून दुकानदारानं काउंटरमागून कान साफ करायची काडी काढली आणि तिचा कापूस दुसऱ्या रिंगमध्ये फिरवून दाखवला. मग ते दोघे अर्धा तास माझ्याकडे पाठ करून रिंगा तपासत होते. एकाला मराठी येत नव्हती, दुसऱ्याला इंग्रजी बेताची, आणि मला दोन्ही येऊन काही उपयोग नव्हता.

दहा गाइडं आणली. जुना दोरा कापून काढला आणि काठी कोरी केली. नवी गाइडं आधी नुसती टेपनं चिकटवली, दोरी ओवली, मूठ बेसमेंटच्या खांबाला बांधली आणि दोरीच्या टोकाला तांदळाची मोठी पिशवी लटकवली. काठी वाकली. सासरे बसून डोळा लावून बघायचे. जिथे दोरी काठीला टेकू लागेल तिथे गाइड बोटभर सरकवायला सांगायचे, परत पिशवी उतरवायची, परत लटकवायची. काठी जिथे जास्त वाकते तिथे गाइडं जवळजवळ हवीत आणि मुठीकडे लांब चालतील, हे माझ्या एक्सेलला माहीतच नव्हतं. बायको वरून विचारायची, तांदूळ मिळेल का, भात लावायचाय.

बांधायचं मात्र मीच. त्यांनी दोऱ्याला हात लावला नाही. मी म्हणालो, तुमचा हात सफाईचा आहे, एखादं तुम्ही बांधा. ते म्हणाले, "मी बांधलं तर रॉड माझा होईल." एवढं बोलून ते परत बसले. मी गुंडाळायचो, ते बघायचे. दोरा सैल वाटला की म्हणायचे, काढा. मी काढायचो. चौथं गाइड मी पाच वेळा बांधलं.

आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. अठरा वर्षांचा साठा होता. माझा चहा पाणचट होतो. मी गाडी लावतो ती शेजाऱ्याच्या अंगणात निम्मी असते. मी फोनवर बोलताना घरभर फिरतो, माणसानं एका जागी बसून बोलावं. लग्नात मी फेटा काढून ठेवला तो त्यांना अजून खटकतो. बायको जिन्यात उभी राहून हे सगळं ऐकायची, आणि चिवडा खात खात त्यात भर घालायची. मी चिडायचो, उलट बोलायचो, ते परत बोलायचे. दुपारचं खिडकीत बसणं बंद झालं होतं. त्यांना वेळच नव्हता.

त्यांचं विमान मंगळवारी होतं. रविवारी आम्ही परत नदीवर गेलो. आदल्या रात्री मला झोप आली नाही, हे मी कोणाला सांगितलं नाही. गाइडं परत झोपली असती तर पुढच्या वेळी बघू, असं म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

सकाळीच मासा लागला. रॉड वाकला. मी माशाकडे बघितलंच नाही, दहा गाइडं मोजत बसलो. एकही हललं नाही. दोरी प्रत्येकातून सरळ, काठीला न शिवता जात होती. सासऱ्यांनी पंधरा मिनिटं धरला, मग दमले आणि रॉड माझ्याकडे दिला. मग सहकाऱ्यानं धरला, मग परत त्यांनी. तासाभरानं मासा बोटीच्या कडेला आला. माझ्यापेक्षा लांब होता. असा मासा पाण्याबाहेर काढायचा नसतो, म्हणून सासरे कडेला ओणवे झाले आणि त्यांनी पाण्यात हात घालून त्याच्या पाठीवर ठेवला. काही वेळ तसाच ठेवला. "म्हातारा आहे," ते म्हणाले. मग गळ काढला. त्यानं एकदा शेपटी हलवली आणि तो खाली गेला.

तेवढ्यात मासेमारी खात्याची बोट शेजारी आली. एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं आमची लायसन्सं बघितली, गळाला उलटा काटा नाही ना ते बघितलं, कारण तसला गळ इथे चालत नाही, आणि रॉड हातात घेऊन म्हणाली, "नाइस रॉड. कस्टम?"

मी उत्तर देणार एवढ्यात सासऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं. इतक्या वर्षांत त्यांना कॅनडात कोणा परक्याशी इंग्रजीत बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"माय सन-इन-लॉ मेक," ते म्हणाले. "विथ हँड." मग त्यांनी रॉडवर बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. "नंबर फाइव्ह रिंग, लिटल आउट. बट फिश नॉट नो."

बाई हसली आणि गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला गेलो तर हाताला माशाचा वास मारत होता. मी पाचवी रिंग बघितली. खरंच वाकडी होती. मी विचारलं, हे तुम्हाला कधी दिसलं. ते म्हणाले, काल, राळ वाळल्यावर.

"उद्या ऑफिसला सुट्टी टाका," ते म्हणाले. "कापून नीट बांधू."

मी बोटीतूनच मॅनेजरला मेसेज केला की मला उद्या बरं नाहीये.